पावडर लावलेलं कबूतर

आमच्या खालापूर तालुक्यात वेगाची टंचाई नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग भातखाचरांच्या मधून गेला आहे आणि त्यावरून जाणारी माणसं आमचा अख्खा तालुका फोनवरच्या एका बोलण्यात ओलांडतात. कुंभिवलीच्या बाजूला एका टपरीवर चहा घेत मी या गाड्या पुष्कळदा बघितल्या आहेत. काटा शंभरच्या पुढे गेला की आत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक प्रकारची प्रतिष्ठा येत असावी. काचा काळ्या असल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. एकूण वेग या गोष्टीबद्दल मला फारसा आदर नव्हता. तो वाटायला लागला त्या सकाळी मी बासष्ट वर्षांचा होतो, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि जे घडलं त्यात माझी चूक होती.

मी साजगावात राहतो. नोकरी सगळी ग्रंथालयात गेली, त्यामुळे पुस्तकांत काय लिहिलेलं असतं ते मला बरंच माहीत आहे, आणि त्यातलं किती खरं धरायचं याचाही थोडा अंदाज आहे. घराच्या गच्चीवरून पूर्वेला घाटाची उभी भिंत दिसते आणि तिच्या अलीकडे, शेतांमध्ये, विजेच्या मोठ्या तारांचा टॉवर. तीन हिवाळ्यांपूर्वी या टॉवरच्या सगळ्यात वरच्या आडव्या लोखंडावर मला एक पक्षी दिसला. दुर्बीण आणली. काळं डोकं, गालावर मिशीसारखा काळा पट्टा, पोट तांबूस. घाटाच्या कड्यांवर राहणारा बहिरी ससाणा. शाहीन म्हणतात तो.

पुस्तकं सांगतात की हा उंचावरून सूर मारतो तेव्हा ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो, आणि जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत त्याच्याहून वेगवान कुणी नाही. मी हे वाचून सोडून दिलं होतं. विक्रम मोजणारी माणसं उत्साही असतात आणि उत्साहात आकडे वाढतात. शिवाय मी जेव्हा जेव्हा बघायचो तेव्हा हा जगातला सर्वांत वेगवान प्राणी एका पायावर उभा राहून पिसं साफ करत असायचा. तासच्या तास. आमच्या ग्रंथालयातले हेडक्लार्क सोडले तर इतका कमी हलणारा जीव मी पाहिला नव्हता.

माझ्या शेजाऱ्याचं मत वेगळं होतं. तो चाळिशीतला, इथल्याच एका कारखान्यात शिफ्टला जाणारा, घरची थोडी भातशेती सांभाळणारा माणूस. त्याच्या गच्चीवर लाकडी फळ्यांचं आणि जाळीचं खुराडं आहे आणि त्यात वीस-पंचवीस कबुतरं. त्या पहिल्या हिवाळ्यात ससाण्याने त्यांतली दोन नेली. कशी नेली ते कुणी पाहिलं नाही. कबुतरं फिरायला गेली आणि दोन कमी परत आली, एवढंच.

तेव्हापासून आमच्या दोन गच्च्यांमध्ये एक रिवाज सुरू झाला. सकाळी खुराड्याचं दार उघडायच्या आधी तो भिंतीपलीकडून विचारायचा.

"काका, बसलाय का?"

मी दुर्बीण लावायचो. "बसलाय."

"मग बसूं दे. आमी पन बसतो."

तो तिथेच पायरीवर बसून तंबाखू मळायचा. ससाणा टॉवरवरून उठून घाटाकडे निघून गेला की मी हात हलवायचो आणि तो दार उघडायचा. ससाणा बसलेला असेल तर दार बंद, टॉवर रिकामा असेल तर उघडं. तीन हिवाळे हा नियम चालला. दोन घरांचा मिळून एक पहारा होता आणि मला त्याचा, कबूल करायला हरकत नाही, थोडा अभिमानही होता. नियमात एक मोठी चूक होती. ती आम्हा दोघांच्याही लक्षात आली नाही, कारण तीन हिवाळे ती आमच्या बाजूने चालली.

या कबुतरांत एक करडी मादी होती. दिसायला देवळाच्या शिखरावरच्या पारव्यासारखी, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशी. पण तिला एकदा सोलापूरच्या पलीकडे नेऊन सकाळी सोडलं होतं आणि दुपारची जेवणं होऊन भांडी घासली जात होती तेव्हा ती घरी आली होती. शेजारी हे सांगताना आवाज खाली आणायचा, जसं काही लोक मुलाच्या पगाराबद्दल बोलताना आणतात. तिच्यासाठी खारघरच्या एका शौकिनाने नवीन मोटारसायकल देऊ केली होती म्हणे. मी ती मोटारसायकल पाहिलेली नाही, पण मादी पाहिली आहे.

जानेवारीत तालुक्यातल्या शाळांच्या क्रीडास्पर्धा ठरल्या. समितीचे अध्यक्ष जमीनदार गृहस्थ होते. फार्महाऊसवाल्यांना जमिनी विकून झाल्यावर वेळ उरला होता तो ते समाजाला देत होते. त्यांनी स्पर्धांचा विषय ‘वेग’ असा ठेवला आणि सूत्रसंचालनासाठी माहिती लिहून घ्यायला माझ्याकडे आले.

"सर, अशी माहिती द्या की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे," ते म्हणाले. "आणि एका पानात बसली पाहिजे."

मी एक पान लिहिलं. जमिनीवर चित्ता, पाण्यात पाठीवर शिडासारखा पर असलेला सेलफिश, हवेत बहिरी ससाणा. प्रामाणिकपणाने हेही लिहिलं की चित्ता हा वेग जेमतेम अर्धा मिनिट टिकवतो आणि मग बराच वेळ धापा टाकत बसतो. सेलफिशबद्दल सांगितले जाणारे आकडे अलीकडच्या अभ्यासकांना फुगवलेले वाटतात, मासा कदाचित त्याच्या निम्म्यानेही पोहत नसेल. अध्यक्षांनी खिशातून पेन काढून ही दोन्ही वाक्यं खोडली.

"सर, ह्या ‘कदाचित’ची काय गरज हाय? कार्यक्रम हाय, कोर्ट नाय."

मग मैदानावर मोठा फलक लागला. त्यावर चित्त्याच्या जागी बिबट्या होता. मी फोन केला. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारखी काळी रेघ असते, याला ती नाही, असं सांगितलं.

"ठिपके हायत ना, सर?"

"ठिपके आहेत."

"मग झालं."

माशाच्या जागी हसणारा डॉल्फिन होता आणि ससाण्याच्या जागी पांढऱ्या डोक्याचा परदेशी गरुड. तिघांपैकी एकही वेगवान प्राणी फलकावर नव्हता. अध्यक्ष मात्र तिघांपेक्षाही मोठे आणि अगदी अचूक छापले होते.

उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते पांढरी कबुतरं सोडायची, अशी कल्पना पुढे आली. अकरा शाळा, अकरा कबुतरं. शेजाऱ्याकडे पांढरी सात होती. नाही म्हणणं कठीण होतं, कारण त्याची मुलगी त्यांतल्याच एका शाळेत शंभर मीटर धावणार होती. अध्यक्ष म्हणाले, चार कमी पडतात तर करड्यांना पावडर लावा, लांबून कोण बघतंय.

आदल्या संध्याकाळी मी त्याच्या गच्चीवर गेलो तेव्हा नवरा-बायको मिळून कबुतरांना टाल्कम पावडर लावत होते. तो धरायचा, ती डब्यातून हातावर घेऊन पिसांवरून चोळायची. तीन साध्या करड्यांचं झालं होतं. चौथ्याला त्याने हात घातला ती सोलापूरवाली मादी.

"हिला कशाला?" मी विचारलं.

"काका, ती सात पांढरी नवखी हायत. कधी लांबनं सोडलेली नायत. मैदानावरनं घर गावनार नाय त्यांना. ही असली की तिच्या मागं येतील गुमान."

"हिची पिल्लं आहेत ना आत?"

"आठ दिसांची." तो तिच्या पंखाखाली पावडर फुंकत म्हणाला. "म्हनून तर येनारच ती. पिल्लं असली की थांबत नाय कुठं."

बायकोने डब्याच्या तळाशी बघितलं. "लग्नात मला येवढी पावडर नवती लावली."

"अगं, तुला उडायचं नवतं ना."

"उडले असते तर बरं झालं असतं."

मग ती माझ्याकडे वळून, जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "काका, हिला काय झालं तर दोन्ही पिल्लं नाय जगायची. एकटा नर एकालाच भरवतो, दुसरं टाकतो. यांना मी सांगितलं. पन यांना अध्यक्षांचा शब्द."

 कबुतरं पिल्लांना आपल्या गळ्यातलं दुधासारखं काहीतरी भरवतात. नरही भरवतो आणि मादीही. सकाळी दहाच्या सुमारास नर घरट्यावर येतो, मादी बाहेर पडते. चार वाजता मादी परत येते आणि नर सुटतो. आमच्या इथल्या कारखान्यांपेक्षा या शिफ्टा नियमित असतात. शेजाऱ्याचा हिशोब साधा होता. साडेनऊला कबुतरं सोडायची, दहा मिनिटांत ती घरी. "तुमी फक्त दुर्बीन घेऊन या, काका," तो म्हणाला. "सोडायच्या आदी बघा. बसला असंल तर मी सरळ सांगनार, पेटी उघडत नाय. मग कुनी असूं दे."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी खालापूरजवळच्या त्या मैदानावर गळ्यात दुर्बीण अडकवून बसलो. मैदान आमच्या घरापासून चारेक किलोमीटर असेल. तिथूनही तो टॉवर दिसतो, उलट्या बाजूने. नऊ वाजता ससाणा टॉवरवर बसलेला होता. मी शेजाऱ्याला खूण केली. साडेनऊला बसलेला होता. पाहुणे आले नव्हते, त्यामुळे काही बिघडलं नाही. दहालाही तसंच. सूत्रसंचालकाने वेळ काढायला माझं पान वाचलं. साडेदहाला पुन्हा वाचलं. अकरा वाजता तिसऱ्यांदा वाचायला लागला तेव्हा उन्हात ओळीने बसवलेली चार-पाचशे मुलं सगळे आकडे त्याच्या आधीच एका सुरात म्हणत होती. कबुतरं जाळीच्या पेटीत चोची उघड्या टाकून बसली होती. शेजाऱ्याने पेटीवर आपला टॉवेल पसरला आणि तो सावलीसाठी स्वतः उन्हाच्या बाजूला उभा राहिला.

सव्वाअकरानंतर कधीतरी पाहुण्यांच्या गाड्या आल्या. हार, तुरे, दीप. एक ड्रोन भिरभिरत वर गेला आणि व्यासपीठाच्या समोर येऊन पाहुण्यांच्या चेहऱ्यावर थांबला. शेजाऱ्याने पेटीजवळून माझ्याकडे बघितलं. मी दुर्बीण लावली. टॉवर रिकामा होता. प्रत्येक लोखंड पाहिलं, तीनदा पाहिलं. मग मी, रोज सकाळी करायचो तसा, हात हलवला.

त्याने पेटी उघडली.

पाहुण्यांनी एक कबूतर हातात धरून फोटोसाठी बराच वेळ उंच केलं. बाकीची त्यांची वाट न बघता निघाली. शेवटी त्यांच्या हातातलंही सुटलं आणि अकराही वर चढली. सात पांढरी आणि चार पावडरची. पावडरवाल्या चौघांच्या मागे पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघत होती, विमानामागे निघते तशी. मुलांना हे फार आवडलं, टाळ्या पडल्या. थवा मैदानावरून एक फेरी मारून वर गेला. सगळ्यांच्या पुढे असलेल्या कबुतराच्या मागे धूर होता. ती कोण हे मला दुर्बिणीशिवाय कळलं.

तरी मी दुर्बीण लावली. काचेत कबुतरांच्या बऱ्याच वर एक काळा ठिपका होता. मी दुर्बीण खाली घेतली आणि शर्टाच्या टोकाने काच पुसली. पुन्हा लावली. ठिपका तिथेच होता. कचरा असता तर दुर्बिणीबरोबर हलला असता. हा आकाशात होता.

तेव्हा मला नियमातली चूक कळली. ससाणा टॉवरवर बसलेला असतो तेव्हा तो बसलेला असतो. टॉवर रिकामा असतो तेव्हा तो कुठेतरी वर असतो. तीन हिवाळे आम्ही तो नाहीसा होण्याची वाट बघत होतो आणि नेमका तो कामावर निघाला की दार उघडत होतो. रोज सकाळी तो घाटाच्या दिशेने जायचा म्हणून चाललं होतं. आज दुपार होत आली होती आणि तो सकाळपासून उपाशी होता.

ओरडायला मी तोंड उघडलं असेल. काही उपयोग नव्हता. कबुतरांना आमच्या आधी कळलं होतं. पसरलेला थवा एकाएकी आवळला गेला, मूठ मिटावी तसा. ठिपक्याने पंख जवळ घेतले. दोन-तीनदा जोराने मारले, जणू खालच्या दिशेला घाईने जिना उतरतो आहे, आणि मग पूर्ण मिटले. त्यानंतर तो पक्षी राहिला नाही. आकार उरला तो थेंबाचा, आणि थेंबालाही जे वजन असतं ते सगळं त्याने टोकाशी आणलेलं. दुर्बिणीतून तो सरकन निसटला. मी डोळ्यांनी बघायला लागलो. डोळ्यांनाही तो जिथे दिसत होता तिथे तो नव्हताच, पुढे गेलेला होता.

आवाज ऐकू आला हे मी शपथेवर सांगेन. पुस्तकात मी तो वाचलेला नव्हता. नवं मांजरपाटाचं कापड दोघांनी दोन टोकांना धरून एका झटक्यात फाडावं तसा. वाऱ्याचा नाही, वारा फाटण्याचा. व्यासपीठावरचा माईक चालू होता आणि बहुतेक त्यानेही तो ओढून घेतला, कारण कर्ण्यांतून काहीतरी खरखरलं. एवढी मुलं, एवढे शिक्षक, हारवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे एकाच क्षणी गप्प झाले. अशी शांतता मला माझ्या ग्रंथालयात कधी मिळाली नाही.

मग आकाशात पांढरा फुलोरा उमटला. पावडरचा. अगदी गोल, आणि वारा नसल्यामुळे तिथेच टांगलेला. त्याच्या खालून एक काळी रेघ वळून पुन्हा वर आली, मैदानाच्या कडेच्या आंब्यांमागे गेली आणि दिसेनाशी झाली. थवा उधळला. दहा पांढरे ठिपके दहा दिशांना गेले. फुलोरा मात्र हळूहळू पातळ होत बराच वेळ तिथेच होता, आणि आम्ही सगळे माना वर करून त्याच्याकडे बघत होतो.

किती वेळ लागला असेल? ठिपक्यापासून फुलोऱ्यापर्यंत पाच सेकंद, सहा सेकंद. ड्रोन पाहुण्यांच्या चेहऱ्यासमोर होता. त्याने काहीही टिपलं नाही.

पहिल्यांदा माईकला सुचलं. "टाळ्या," सूत्रसंचालक म्हणाला. कुणी वाजवल्या नाहीत. पाहुणे अध्यक्षांना म्हणाले, "घार होती वाटतं." अध्यक्ष म्हणाले, "होय साहेब, घारच." तीन वेळा अध्यक्षांसमोर ज्याचं वर्णन वाचलं गेलं, तो डोक्यावर येऊन गेला होता.

थोड्या वेळाने मुलींची शंभर मीटर झाली. शेजाऱ्याची मुलगी अनवाणी धावली आणि दुसरी आली. ती पट्टी ओलांडून वाकून श्वास घेत होती तेव्हा माझ्या डोक्यात एक नको असलेला हिशोब झाला: हे सबंध अंतर त्याला सेकंदाहून जेमतेम जास्त लागलं असतं. मी मुलीला शाबासकी दिली. ती फार चांगली धावली होती. तिने विचारलं, "आजोबा, कुठलं गेलं?" मी म्हणालो, माहीत नाही. मला माहीत होतं असं वाटत होतं.

शेजारी रिकामी पेटी मांडीवर धरून स्कूटरवर माझ्या पाठीमागे बसला. 

गच्चीवर पोचलो तेव्हा त्याची बायको जाळीला टेकून मोजत होती. सातही पांढरी आली होती. पावडरची तीन आली होती. घाबरून खुराड्याच्या आत, अगदी मागे, एकमेकांना चिकटून बसली होती.

"दहा हायत," ती म्हणाली. मग आम्हा दोघांकडे बघून, "करडी तुमच्यासंगं हाय का?"

त्याने पेटी खाली ठेवली.

कोपऱ्यातल्या घरट्यावर नर बसला होता. त्याच्या पोटाखालून दोन पिवळट, उघडी, कुरूप डोकी अधूनमधून बाहेर येत होती. बारा वाजून गेले होते.

"चार वाजेपर्यंत बघू," शेजारी म्हणाला. "चारला तिची पाळी."

मी त्याला सांगितलं. टॉवर रिकामा असणं म्हणजे काय, हे मला आत्ता मैदानावर कळलं, आणि मी हात हलवला नसता तर त्याने पेटी उघडली नसती. त्याने ऐकून घेतलं.

"रिकामा व्हता ते खरंच व्हतं की, काका. तुमी काय खोटं सांगितलं?"

"खोटं नाही. पण त्याचा अर्थ मी उलटा लावला."

"मी पन उलटाच लावला की तीन वर्सं." त्याने घाटाकडे बघितलं. "काय आला वो तो. मी सोताची कबुतरं इसरलो बघा. इतका येळ नुसता त्याच्याकडंच बघत व्हतो."

माझंही हेच झालं होतं, आणि त्याची मला मैदानावरूनच लाज वाटत होती. त्याने ते सरळ बोलून टाकलं.

जेवायला त्याच्या बायकोने खाली बोलावलं. तो गेला नाही, म्हणून मीही गेलो नाही. तिने दोन ताटं वर आणून आपटली. तीन वाजले. पावडरवाल्या तिघांनी पाण्याच्या परातीत उतरून आंघोळ केली आणि पाणी ताकासारखं झालं. साडेतीन. चारला नर उठला, घरट्याच्या काठावर उभा राहिला, दाराकडे तोंड करून घुमला. आमच्या तिघांचंही लक्ष त्याच्याकडे. तो पुन्हा पिल्लांवर जाऊन बसला. दहा मिनिटांनी परत उठला. या वेळी दाराबाहेरच्या फळीवर आला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आत गेला. मागे एक पिल्लू मान वर करून तोंड उघडत होतं. दुसऱ्याने तेवढंही करायचं सोडलं होतं.

बायको म्हणाली, "वाटीत डाळीचं पानी करून आनू का? कापसानं भरवता येईल?"

"एवढ्या लहानाला नाय जमत," तो म्हणाला. पण ती गेली आणि घेऊन आली. वाटी तिच्या हातात तशीच राहिली.

आम्ही सगळे वर बघत होतो. कबूतर घरी येतं ते वरून, उंचावरून, वळसा घेऊन येतं. त्यामुळे ती आली ते आम्हाला दिसलंच नाही. पाच वाजून गेले असतील. खाली शेताच्या बांधावरून, गुडघाभर उंचीवरून काहीतरी येत होतं. कधी डावीकडे झोकांडी, कधी उजवीकडे. गोठ्याच्या मागून ते शेजारच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढलं, टाकीवर आदळलं, घसरलं, सावरलं. अर्धं पांढरं आणि अर्धं करडं.

शेजारी उठला नाही. त्याने नुसता हात आडवा केला, आम्ही हलू नये म्हणून.

ती टाकीवर मिनिटभर बसली. मग आम्ही होतो त्या गच्चीच्या कठड्यावर उडी मारली, कठड्यावरून चालत, अगदी चालत, खुराड्याच्या फळीपर्यंत गेली. तिला शेपूट जवळजवळ नव्हतीच. आत गेली. नराने तिला जागा दिली, बाहेर आला, परातीतलं पाणी प्यायला लागला आणि पुष्कळ वेळ पीत राहिला.

शेजाऱ्याने हळूच जाळीतून हात घालून तिला उचललं आणि तिची पाठ उजेडाकडे केली. कबुतराच्या शेपटीत बारा पिसं असतात. तिच्या शेपटीत दोन उरली होती. पाठीच्या खालच्या बाजूला, पावडर पुसली गेली होती तिथे, दोन समांतर ओरखडे होते. बारीक निबाने आखल्यासारखे सरळ, आणि तितकेच उथळ. नुसतं रक्त उमटून सुकलं होतं.

मी वाकून ते ओरखडे बघितले. घाटाच्या उंचीवरून कोसळत आलेला तो, आणि या दोन रेघा. मधे एका पिसाच्या जाडीचा फरक. म्हणजे शेवटच्या क्षणी ही तेवढी सरकली होती. त्याच्या वेगाचे आकडे माझ्या घरातल्या चार पुस्तकांत आहेत. ही किती वेळात किती सरकली ते मी कुठे वाचलेलं नाही, आणि कुणी मोजलं असेल असंही वाटत नाही. मोजणारे सगळे त्याच्याकडे बघत असणार, आम्ही बघत होतो तसे. आणि त्यानंतर पाच तास ही कुठल्या तरी झुडपात निपचित बसून राहिली असेल, आणि मग बिनशेपटीची, बांधाबांधाने, चार किलोमीटर आली.

"तो पन उपाशीच गेला म्हनायचा," शेजारी म्हणाला. हे तो कुठल्या सुरात म्हणाला ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बायकोने डाळीच्या पाण्याची वाटी खाली ठेवली आणि हळदीचं बोट आणून त्या दोन रेघांवर फिरवलं. मादीने तिच्या बोटाला चोच मारली.

"मार गं," ती म्हणाली. "मला मार. यांना मारू नको, यांनी अध्यक्षांना शब्द दिलाय."

त्याने मादीला परत घरट्यावर ठेवलं. ती पिल्लांवर बसली, उठली, पुन्हा नीट बसली. पहिल्या पिल्लाने चोच तिच्या तोंडात घातली. आम्ही तिघेही जाळीशी डोकी लावून दुसऱ्याकडे बघत होतो. ते पडूनच होतं. तिने त्याला पायाने ढकललं, मग चोचीने. त्याची मान हलली, पडली, पुन्हा हलली. मग तिने मान खाली घालून त्याची चोच आपल्या चोचीत घेतली, आणि तिचा गळा वरखाली व्हायला लागला.

"हळू बोला, काका," शेजारी कुजबुजला. "भरवतेय."

मी काहीच बोलत नव्हतो.